ईरम्माआज्जीला वर बसवल्याची हकीकत

कलबुर्गी, गुरुवार

तीर्थरूप बंडेप्पामामा,

शरणु शरणार्थी. इकडं मी खुशाल हाय. तिकडं तुमचा गुडघा, मल्लेश्वरीमामीची साखर आणि नव्या म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असतील अशी आशा. म्हशीला अजून नाव ठेवलं न्हाई म्हणं. नवल हाय, तुम्ही तर मोटारीलाबी नाव ठेवल्याबिगर राहणारा माणूस न्हाई. (कुजकं बोलायलो न्हाई, पुढं कळंल.) फोन चौदा वेळा केलो, चौदाबी वेळा तुम्ही कट केलाव, म्हणून शेजारच्या गीताबाईच्या हाती ही चिठ्ठी धाडायलो. ती शनिवारी तुमच्या निंबर्ग्याला लेकीकडं यायलीय. चिठ्ठी निस्ती खुशालीची हाय, मदतबिदत काही मागायलो न्हाई.

तर झालं असं. दालमिलचा आपला पीएलसी, म्हणजे कुठली मोटार कधी सुरू आणि कधी बंद हे ठरवणारा तो डबा, जो तुम्ही बारा वर्षं लेकरासारखा सांभाळलाव, तो मागल्या महिन्यात गेला. कंपनीनं तसला डबा करायचंच सोडलंय, म्हणून शिवशंकरप्पा सावकारांनी दुसऱ्याच कंपनीचा आणला आणि मला म्हणाले, जुना प्रोग्राम ह्यात ओत. ओत म्हणं! ती काय आंबील हाय व्हय? एका कंपनीचं लिहिलेलं दुसरीला वाचता येत न्हाई. हर तारेचा पत्ता जुन्यात एका तऱ्हेनं लिहितात, नव्यात दुसऱ्या. ते दोन दिवसांत बदलून घेतलो, त्यात काही न्हाई. खरी मेख नावांत होती. हर पत्त्याशेजारी एक नाव द्यायचं असतंय, की ही अमकी मोटार, हा तमका सेन्सर. पुढं प्रोग्राम त्या नावानंच हुकूम सोडतोय. जगातली माणसं तिथं "चाळणी दोन" असं लिहितात. तुम्ही आपलं सगळं गोत लिहून ठेवलाव!

एलिव्हेटर म्हणजे ईरम्माआज्जी, कारण खालची चीज उचलून माळ्यावर ठेवल्याबिगर तिला चैन पडत न्हाई. टरफल उडवायचा ब्लोअर म्हणजे नागेंद्रकाका (काम कमी, हवा जास्त). चाळणी म्हणजे सुधारानीमावशी, कारण खोट काढल्याबिगर ती कुणाला सोडत न्हाई. काशप्पा आणि अमृतप्पा ह्या दोन मोटारी तर एकदम सुरूच होत न्हाईत, कारण बांधाच्या भांडणापासून ते दोघं एका पंगतीला बसत न्हाईत. आता वाचताना हसू येतंय आणि पटतंयबी. पण तुमच्या निरोपाच्या दिवशी, शाल खांद्यावर असताना, चारचौघांत मी म्हणालो, "मामांनी मिल चालवली का सोयरीक जमवली?" सगळे हसले. तुम्ही नावांची वही काखेत मारली आणि बस धरली. तो माझा आगाऊपणा होता मामा. तेव्हाच पाय धरायला पाहिजे होतं, लाज आडवी आली.

असो. एकशे ऐंशी नावं लॅपटॉपवर यादीत घेतलो. बघतो तर पहिल्या ओळीत अमृतप्पाचा शेंबडा नातू, आणि ईरम्माआज्जी एकशेचाळिसाव्या ओळीत! मन मानंना. आपल्यात लग्नाच्या पत्रिकेवरबी आधी थोरल्यांचं नाव येतंय. म्हणून मी वयानं लावून घेतलो, आज्जीला सगळ्यात वर बसवलो. पण सरकली ती नावंच, शेजारचे पत्ते जागच्या जागी. सगळी माणसं उठून दुसऱ्याच्या पाटावर बसली आणि मला पत्ताच न्हाई. त्यावर कहर म्हणजे त्याच फायलीवर सेव्ह केलो. (कामून, ते विचारू नका. आईनंबी विचारलंय.)

सोमवारी पूजा झाली. सावकार कडक इस्त्रीच्या पांढऱ्या धोतरात, हातात शिऱ्याची वाटी. नारळ फोडला, मी बटण दाबलो. एलिव्हेटर जागचा हलंना, सुरू झाला नागेंद्रकाका! महिनाभर पडून राहिलेलं टरफल सावकारांच्या धोतरावर, मिशीवर, शिऱ्यात. तिकडं डाळीच्या पोत्यात गुरांची चुनी, चुनीच्या पोत्यात डाळ. काशप्पा आणि अमृतप्पा जन्मात पहिल्यांदा एकदम सुरू झाले आणि पट्टा तुटला. मग भोंगा वाजायला लागला, तो वाजतोय वाजतोय, थांबतच न्हाई.

सावकार मिशी झटकत एवढंच म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत चालली तर ठीक, न्हाईतर सोलापूरची माणसं बोलावून सगळं पुसून नव्यानं लिहून घेतो, आणि तू दुसरी नोकरी बघ. नोकरीचं काही न्हाई, बघीन. पण तुमचं बारा वर्षांचं काम पुसणार म्हणल्यावर ते मला बघवणार न्हाई. तेव्हापासून जेवण गोड लागंना. बाकी सगळं उत्तम. मामीला शरणार्थी, म्हशीला वैरण.

तुमचा भाचा,
शिवकुमार

ता. क. १ – कुठलं नाव कुठल्या तारेचं, हे आता जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं हाय, तुमच्या वहीत. वही गीताबाईजवळ देऊ नका, ती वाटंत त्यात भजी बांधंल. तुम्हीच घेऊन या.

ता. क. २ – यादीत "मल्लेश्वरी" असं एक नाव सापडलं, त्याला तारच न्हाई. लई शोधलो. शेवटी कळलं, रोज एक वाजता ते सगळी मिल वीस मिनिटं बंद करतंय. सावकार बारा वर्षं समजायलेत की मशीन थंड करायचं असतंय. एक वाजता मामी डबा घेऊन यायची, आणि त्या आवाजात तिचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नसंल. कुणाला सांगितलो न्हाई. नव्या डब्यातबी तसंच ठेवलोय, वीसची पंचवीस मिनिटं केलोय. मामीलाबी घेऊन या.

ता. क. ३ – भोंग्याला नाव माझंच निघालं. "शिवू". ल्हानपणी मी किती बोंबलायचो ते तुम्ही विसरला न्हाईत. पण तो भोंगा गप करायचं बटण तेवढं बिननावाचं होतं. सगळ्या गोताला जागा दिलाव, स्वतःला एक बल्बबी न्हाई. तिथं मी "बंडेप्पामामा" लिहिलोय. ते बटण दाबंपर्यंत भोंगा थांबत न्हाई, तुम्हीच तसं करून ठेवलाव.

मामा, मी सोमवारपासून वाजायलोय. या.