तळातला अल्बम

मुंबई, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आईस, अपेक्षाचा शि. सा. न.

दाव्याविषयी मोबाईलवर काही लिहू नका, असं वकील म्हणाले, म्हणून पत्र. सत्यम या बातमीदाराकडे माझ्या लग्नाचा फोटो आहे. पंधराव्या वर्षीचा, हळदीतला. मी बालविवाहाविरुद्धच्या जाहिरातीत दिसते, म्हणून तो छापायचा आपल्याला हक्क आहे, असं तो म्हणतो. मालिकेतला माझा चेहरा लोकांचा आहे, त्या फोटोतला नाही. त्याने फोटो चोरला, तो छापू देऊ नका, असं आम्ही दाव्यात लिहिलंय. शूटिंगमुळे मला येता येत नाही. तारखेला कोर्टात तू बस. वकिलांसाठी डबा नेऊ नकोस.

माया आहे तशीच असू दे.
अपेक्षा

उस्मानपुरा, १२ फेब्रुवारी

चि. अपेक्षास आईचे अनेक आशीर्वाद.

डबा नेला होता. वकिलांनी खाल्ला. कोर्टानं सांगितलं, बातमी छापता येईल, फोटो नाही.

आता खरं सांगते. दिवाळीत सत्यम घरी आला. मला मावशी म्हणाला. आल्या माणसाला देतो तसा तुझ्या भावाच्या लग्नाचा अल्बम मी हातात दिला. चहा व्हायचा होता, म्हणून ट्रंकेतला तळातला दुसराही दिला. कुठला ते बघितलंच नाही. एक फोटो काढून घेऊ का, असं त्यानं विचारलं. घे की, असं मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले.

फोटो कुठून आणला, असं कोर्टात विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. देणाऱ्याचं नाव सांगणार नाही, म्हणाला. घरातल्या कुणी दिला म्हणाला असता तर आपण हरलो असतो, असं वकील बाहेर बोलले. माझ्यापायी त्यानं चोर म्हणवून घेतलं. त्याचे उपकार लई झाले, आणि मला ते बोलताही आलं नाय.

रागाव, पण जेवत जा.
आई

मुंबई, २० फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न.

रागावले. संध्याकाळपर्यंत. मग सत्यमची बातमी वाचली. तो गावात जाऊन आलेला दिसतो. लग्नानंतर आठव्या दिवशी आई एकटी एसटीने गेली आणि मुलीला सासरहून घेऊन आली, असं त्यात आहे. लग्न लपवताना मी तुझं ते येणंही लपवलं होतं. इतकी वर्षं.

चोरीचा आरोप मागे घ्यायला सांगितलंय. सत्यमची माफी मागितली. शनिवारी येते, त्यालाही चहाला बोलावलंय. चहा मी ठेवीन. अल्बम तू दे. या वेळी बघून.

तू आणलेली,
अपेक्षा