तिसऱ्या माइकचा स्क्रू

प्रिय मास्तर,

फोन केला की तुम्ही दोन वाक्यांत मला गुंडाळता आणि माझ्या लग्नाचा विषय काढता, म्हणून लिहिते आहे. पूर्ण वाचा. पाळकांना दाखवू नका.

मी चर्चला येणं सोडलं ते भांडून नाही. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायची नोकरी लागली, मग रविवारची झोप गोड लागायला लागली, मग न येण्याचीच सवय झाली. तेवढ्यात नवे पाळक आले आणि तरुणांना टिकवायची मोहीम निघाली. मोठा पडदा, ड्रम, रंगीत दिवे, उपासनेनंतर खेळ. आई हे सगळं रंगवून सांगायची आणि मला वाटायचं, ज्याला इतकं सजवावं लागतं त्यात काहीतरी खोट असणार. पाच महिन्यांपूर्वी साउंड सिस्टिम खरोखरच बंद पडली. आईने गळ घातली म्हणून आले, वीस मिनिटांत काम संपवलं, पण दार गाठायच्या आत पहिलं गीत सुरू झालं आणि शेवटच्या आशीर्वादापर्यंत अडकले.

पुढच्या रविवारी सकाळी आठला चर्चमधून फोन, तिसरा माइक मुका. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तोच. आठ माइकपैकी नेमका तरुण गातात तो. शुक्रवारच्या तालमीत ठणठणीत, रविवारी ठप्प. मास्तर, यंत्राला वार कळत नाही. स्टेजमागच्या डब्यात त्याच्या वायरीचा स्क्रू दर वेळी सैल असायचा. मी सगळ्या स्क्रूंवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, निम्मी स्क्रूवर, निम्मी पट्टीवर. आठवड्याने सात रेघा अखंड आणि तिसरी दीड फेरा फिरलेली. कंपनाने स्क्रू इतका आणि एकटाच सुटत नाही. त्याला हात लागतो.

पहिला संशय अर्थातच पाळकांवर. त्यांच्या खोलीत भिंतीवर तरुणांच्या हजेरीचा तक्ता आहे, माझ्या नावापुढे ओळीने हिरव्या खुणा. तरुण परत आणायला कमिटीने त्यांना वर्षाची मुदत दिली आहे असंही ऐकलं होतं. मी सरळ विचारलं, 'स्क्रू तुम्ही सोडता का?' ते आधी हसले, मग म्हणाले, 'अहो, मला बल्ब बदलता येत नाही. खरं सांगू, मला वाटत होतं तुम्हीच सैल करून जाता, यायला निमित्त हवं म्हणून.' घरी पोचेपर्यंत कान तापलेले होते. कारण वायर पक्की जोडून टाकणं हे दहा मिनिटांचं काम. हॉस्पिटलात मी ते पहिल्याच दिवशी केलं असतं. इथे पाच महिन्यांत केलं नव्हतं.

मग भिंग घेऊन त्या स्क्रूच्या खाचेत पाहिलं. ओरखडे एकाच बाजूला, म्हणजे टोकाचा एक कोपरा उडालेला स्क्रूड्रायव्हर. तसा एकच मला माहीत आहे, तुमचा. नऊ वर्षांची असताना तुमच्या ऑर्गनचं पायडल उचकटताना तो कोपरा मीच तोडला होता. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त 'उचापती' हे नाव ठेवलंत. चर्चच्या बाजूच्या दाराची किल्ली अजून तुमच्याकडे असते. उपासनेतून ऑर्गन गेला तरी शनिवारी दुपारी तुम्ही एकटे येऊन वाजवता, तेही आईकडून कळलं.

मला राग आला. मला कुणी न विचारता हलवलेलं खपत नाही. पण मग आठवलं, तुम्ही विचारलं होतं. तुमच्या गायकवृंदात आम्ही सोळा जण होतो. एकेक गळायला लागल्यावर तुम्ही घरोघर गेलात, जिने चढून. सगळ्यांनी तुम्हाला चहा दिला आणि 'येतो ना मास्तर' म्हटलं. मीही म्हटलं. एकही आला नाही. त्यानंतर तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. आणि मी काही बिघडलं की येते, हे एकदा पाहिल्यावर तुम्ही बिघडवायला लागलात. हिशोब बरोबर होता.

आता लिहायचं कारण. गेल्या आठवड्यात स्टेजचं काम झालं आणि माइकच्या डब्याशेजारी तसाच दुसरा डबा बसला. तुम्ही शनिवारी तो उघडलात. ती माइकची वायर नाही, मास्तर, ती मुख्य विजेची आहे. रविवारी मला ती अर्धी बाहेर ओढलेली सापडली, स्क्रूवर तुमचाच ओरखडा. सुताराने जाताना मेन बंद केला होता म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, नाहीतर तुमच्या मुलीला लिहावं लागलं असतं. मी तो स्क्रू तीनदा तपासला. दोन्ही डब्यांना कुलूप लावलं आहे, तिसरी वायर पक्की जोडली आहे. ती आता सुटणार नाही. कुणाला काही सांगितलेलं नाही. देवावरचा माझा विश्वास कितपत उरला आहे ते मला माहीत नाही आणि तुम्हीही विचारू नका. पण या रविवारी काहीही बिघडलेलं नसताना मी येते आहे. हातात हत्यारांची पेटी नसेल, तेव्हा कुठे बसायचं हे मला कळणार नाही. तुमच्या बाकावर थोडं सरकून बसा.

तुमचीच,
उचापती