किटलीच्या बुडाचा कागद

प्रिय ताई,

खोकं बघून तुला वाटलं असेल, आणखी एका कंपनीने फुकट माल पाठवला. तसं नाही. खोकं मी पाठवलंय. आतली किटली मोडकी आहे, मूठ वेगळी आणि भांडं वेगळं. आमच्या भंगारातून मुकादमाला विचारून घेतलीय, चोरलेली नाही. 'प्रिय' दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं, कारण पत्र असं सुरू करायचं हे तूच पट्टी मारून मारून शिकवलंस. शुद्धलेखनाच्या चुका नंतर काढ, आधी सगळं वाच. फोन केला की तुझं शूट चालू असतं. मेसेज केला की नुसता अंगठा येतो. तुझ्या किटलीच्या व्हिडिओखाली मी लिहिलं, ताई, ही किटली धड नाही, फोन कर. ते तू पुसून टाकलंस. सख्ख्या भावाचं! कागद तसा पुसता येत नाही. फाडलास तर निदान आवाज तरी होईल.

मी गोदामात आहे एवढंच तुला माहीत. काय करतो ते कधी विचारलं नाहीस. लोकांनी परत पाठवलेला माल माझ्या टेबलावर येतो. खोकं कापायचं, वस्तू काढायची, सोबतची चिठ्ठी वाचायची. धड माल डावीकडे, मोडका उजवीकडे. दिवसभर उभं राहायचं. मला एका जागी बसवत नाही, म्हणून तर तू मला भिंगरी म्हणतेस, त्यामुळे काम बरं वाटलं. लागलो त्याच आठवड्यात मी छाती फुगवून सगळ्यांना तुझे व्हिडिओ दाखवले. ही माझी बहीण, म्हटलं, हिने सांगितलं की लोक डोळे मिटून वस्तू घेतात. तीच चूक झाली. आता पांढरी किटली परत आली की अख्खी रांग ओरडते, "मामा, भाचा आला!" पहिल्यांदा मीही हसलो. एका दिवसात अकरा भाचे आले तेव्हा हसू गेलं.

एक किटली मी सोडवून बघितली. मुठीत स्क्रू नाही गं, नुसता डिंक लावलाय. पाणी उकळलं की डिंक सैल होतो, मूठ हातात राहते आणि उकळतं पाणी खाली. चिठ्ठ्यांवर लोक काय लिहितात माहीत आहे? 'ताई स्वतः वापरतात म्हणून घेतली.' एकाने लिहिलं होतं, 'आजीला देणार होतो, नशीब आधी मी धरली.' तुला 'ताई' म्हणतात गं ती माणसं. हा शब्द माझा होता, मी तो त्यांच्याबरोबर वाटून घेतला, काही वाटलं नाही. पण मग त्यांची ताई हो ना!

तरी मी तुझीच बाजू घेत होतो. मुकादमाशी भांडलो. म्हटलं, कंपनीने तिलाही फसवलं असेल, तिला चांगली पाठवली आणि लोकांना रद्दी. तो म्हणाला, बाबा रे, व्हिडिओ नीट बघ. बघितला. तू किटली उचलतेस, कॅमेऱ्यासमोर तिरकी करतेस आणि म्हणतेस, "महिनाभर वापरली, मगच सांगते." आणि तिच्या बुडाला तो लाल गोल कागद तसाच! ताई, मी अशा शेकडो किटल्या हाताळल्यात. तो कागद काढल्याशिवाय ती चालूच होत नाही, खालच्या तबकडीला टेकतच नाही. महिनाभर कसली, तू तिच्यात वाटीभर पाणीसुद्धा तापवलं नाहीस. आणि ती वाफ? ती मागच्या पातेल्याची. वाफेची ती करामत मीच तुला शोधून दिली होती, आठवतं? पुढे ठेवलं की तुझ्या चष्म्यावर वाफ धरते म्हणून पातेलं मागे ठेवायचं. तेव्हा पातेल्यात खरंच काहीतरी शिजत होतं.

किसणीचा व्हिडिओ आठवतो? तुझा पहिला. मी स्टुलावर उभा राहून फोन धरला होता आणि स्टूल डुगडुगत होतं. तू बोटाची पट्टी दाखवलीस आणि म्हणालीस, किसणी धारदार आहे पण कडेला खोट आहे, मी बोट कापून घेतलंय, तुम्ही घेऊ नका. किसणीवाला चिडला, लिंक काढून घेतली. आणि त्याच बोटामुळे लोक तुझे झाले. लिंकवरून कुणी काही घेतलं की तुला कमिशन मिळतं, याचा मला राग नाही. मिळू दे. वस्तू फुकट आली, हेही सांगून टाक, लोक समजून घेतात. पण न वापरलेली वापरली म्हणायची? दाजी तुझा फोन उचलून म्हणाले, सगळेच करतात रे, तू नको डोकं लावूस. दाजी, सगळ्यांना नाही लोक ताई म्हणत.

आता ज्याच्यासाठी हात शिवशिवत होते ते लिहितो. तुझा व्हिडिओ आला त्याच दिवशी मी तुझ्या लिंकवरून एक किटली मागवली. आईसाठी. म्हटलं, आईला वस्तू आणि तुला कमिशन, दोघी खूष. पुढे टेबलावर भाचे यायला लागले तेव्हा आईला फोन केला, वापरू नकोस. ती म्हणाली, तुला सगळ्यातच खोट दिसते, ताईने स्वतः महिनाभर वापरलीय. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्या हातून फोन घसरला आणि मला तिचा पाय दिसला. घोट्यापासून बोटांपर्यंत पट्टी. तीन आठवडे झाले म्हणे. शेजारणीलाही म्हणाली, माझाच हात सुटला, वय झालं. तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली, ती मी मोडली. आणि किटली टाकली नाही तिने. मुठीला कापड गुंडाळून सुतळीने बांधलीय. शेजारीण ती काढून घ्यायला गेली तर देईना, पोरीच्या नावाची वस्तू आहे म्हणाली. तू फोनवर सांगितलंस तर म्हणेल, धाकट्याने कान भरले. तुझं व्हिडिओतलं बोलणं मात्र तिला तुझ्या फोनवरच्या बोलण्यापेक्षा खरं वाटतं. नवा व्हिडिओ आला की दोनदा बघते. म्हणून ही मोडकी किटली पाठवलीय. ती हातात धर, तुझ्या किटलीच्या बुडाचा कागद दाखव आणि त्या दिवशी बोट दाखवलंस तसं सांग, की मी ही वापरली नव्हती. आई रोज सकाळी उठल्यावर पहिली तीच भरते. खोकं तुझ्या दारात येईपर्यंत चारदा तरी भरली असेल. पुढे किती वेळा भरायची, ते तू ठरव.

अजूनही तुझाच,
भिंगरी