आईला वाचून दाखवलेली पटकथा

रविवार, ९ तारीख, दुपार

चि. धाकटोबास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं बाड मिळालं. पोस्टमनला वाटलं, मी कोर्टात कुणाशी तरी भांडतेय, इतकं जाड! इकडे सगळं ठीक. मोरीचा नळ पुन्हा गळतोय. आईचा पलंग खिडकीपासून भिंतीकडे सरकवला, उन्हाने डोळे दुखतात म्हणत होती. माझी कंबर आहे तशीच आहे. तुझा पटकथेचा वर्ग आता संपत आला असेल. शेवटच्या परीक्षेला हेच द्यायचं ना?

मी ते दोनदा वाचलं. छान लिहिलंयस, तोंडदेखलं म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेली आई आणि तिचं सगळं करणारा एकुलता एक मुलगा. तिला कुशीवर वळवायच्या आधी तो स्वतःचे हात चोळून गरम करतो, ते वाचून मला भरून आलं. फोनवर तू खोदून खोदून विचारायचास, "ताई, हात कसा धरतेस? ती तेव्हा काय म्हणते?" मला वाटायचं, पोराला काळजी आहे.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, की सर म्हणाले, दोन पात्रं एकच काम करत असतील तर एकाला काढून टाका. मुलगा एकटा असला की बघणाऱ्याचा जीव जास्त तुटतो. बरोबरच असेल. मला त्यातलं काय कळतं? शिवताना जादाचं कापड मीही कापतेच.

पण इकडे एक घोळ झालाय.

बाड आलं त्या दिवशी आईने विचारलं, "धाकट्याने काय पाठवलंय? वाच की." तिचं विसरणं किती वाढलंय ते तुला माहीत आहे, सकाळचं दुपारी आठवत नाही. तिने विचारलं याचंच मला बरं वाटलं. रोज जेवणानंतर थोडं थोडं वाचायला लागले. सुरुवातीला हसायची, "हे प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर 'खोली, आतून, दिवस' काय? खोली आतूनच असते!" मग गुंगली. तुम्ही लोक सगळं आत्ता डोळ्यांसमोर चालल्यासारखं लिहिता. मुलगा येतो. मुलगा आईचे केस विंचरतो. तिने ते तसंच मनात धरलं. एका सकाळी मी फणी घेऊन गेले, तर म्हणाली, "आत्ताच विंचरले ना त्याने. तुम्ही कोण, बाई?"

आधी मला गंमत वाटली. आता वाटत नाही. ती मला अंगाला हात लावू देत नाही. "माझा लेक करतो माझं, परक्या बाईने कशाला?" पडून पडून तिच्या पाठीला जखम झालीय, परवा ती पुसायला गेले, तर मला चावली. हो, आपली आई. जखम चिघळत चाललीय आणि डॉक्टर मलाच ओरडले.

वाचन बंद केलं तर लेक कुठे गेला म्हणून रडते. मग मीच एक प्रसंग लिहिला, अगदी तुमच्या पद्धतीने. मुलगी आत येते, आईची पाठ पुसते. वाचून दाखवला. आई म्हणाली, "हे त्याचं नाही. उगीच कोणीतरी मधे घुसवलंय. पुढचं वाच." तुझे सर खूश होतील तिच्यावर.

मी तुला ये म्हणत नाही. तू येशील, ती विश्वासाने तुझ्यापुढे पाठ उघडी करील, आणि तुला कापसाचा बोळासुद्धा धरता येणार नाही. तू ते फक्त लिहिलंयस. मला राग आलाय, लपवत नाही. रडूही येतं, पण त्याला वेळ मिळत नाही.

एवढं कर. एक प्रसंग लिहून पाठव. सिनेमात ठेवू नकोस, सरांना दाखवूही नकोस. मुलगा आईच्या उशाशी बसतो आणि सांगतो, ही माझी मोठी बहीण, हिला करू दे. तुझ्या हातचं तिला पटतं. उलट टपाली पाठव, जखम थांबायची नाही.

शेवटी तिचे आशीर्वाद लिहावेत म्हणून तिला विचारायला गेले. म्हणाली, "त्याला कशाला पत्र? तो आत पाणी तापवतोय ना!"

पाणी मी ठेवलंय. उतू जाईल, उठते.

तुझ्या गोष्टीत नसलेली,
ताई