सात नंबरचा बिल्ला

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी आज फळ्याचा विषय पुन्हा टाळला. तिसऱ्यांदा!

बैठकीत आम्ही सहा जण. जुन्या अग्निशमन केंद्राचं संग्रहालय करायचं, मागच्या अंगणात स्मारकाची भिंत उभारायची — सगळं हौसेने, गुडघे धरत धरत. साहेब पूर्वी केंद्रप्रमुख होते, म्हणून आताही प्रमुख तेच. मी तेव्हा जवान होतो, आता आवक वहीवाला. वस्तू कुणी दिली, कुठे सापडली, हे चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय एक खिळासुद्धा आत घेत नाही. हा नियम माझा. त्यावरून पोरंसोरं हसतात, हसू देत.

फळ्याखाली लावायची पाटी मी लिहून नेली होती: ‘धुरात शिरण्यापूर्वी प्रत्येक जवान आपल्या नंबरचा पितळी बिल्ला या फळ्यावर अडकवत असे. बाहेर आल्यावर काढून घेत असे. फळ्यावर ज्याचा बिल्ला उरला, तो अजून आत आहे असं समजावं.’ सगळ्यांना आवडली. साहेब म्हणाले, बघू. आणि छपराच्या गळतीवर गेले.

बघू काय बघू! रंगाच्या गोदामाच्या आगीत दादा गेला. चौकशीच्या कागदात माझ्या सख्ख्या थोरल्या भावाबद्दल एवढंच आहे — बिल्ला लावला नव्हता, सबब स्वतःचा निष्काळजीपणा. फळा रिकामा दिसला म्हणून आत कुणाला पाठवलं नाही, आणि मग छप्परच खाली आलं. पण मी शेजारी उभा होतो. माझा अकरा, त्याचा सात. त्याने माझ्यादेखत अडकवला, मला पक्कं आठवतंय. मग काढला कुणी? फळ्यापाशी उभं कोण होतं? साहेब.

सव्वीस वर्षं झाली. भिंतीवर दादाचं नाव कोरलं जाईल, पण ती ओळ खोडल्याशिवाय मी कोरू देणार नाही.

बुधवार, ६ मार्च

आज कोटांचा दिवस. सगळ्यांनी आपापले जुने जाड कोट आणले, पुतळ्यांना घालायला. सगळ्यात शेवटी माझा आणि साहेबांचा नोंदवला. साहेबांच्या कोटाची बटणं घासूनपुसून लखलखीत. माझा दवाखान्यातून घरी आला तो थेट ट्रंकेत गेला होता, पुन्हा अंगात घातला नाही. त्या आगीनंतर मी गाडीच चालवली. त्या दिवशी बाहेर कसा आलो तेही आठवत नाही, डोळे उघडले ते खाटेवर. आजही उलगडला नाही, तसाच शिंपीणबाईंच्या हवाली केला. अस्तरं फाटलीत, ती शिवणार आहेत.

पाट्यांवरचा मजकूर उतरवून घ्यायला वही पेंटरकडे दिली. जपून ठेव म्हटलं. तो म्हणाला, “काका, तुमची वही म्हणजे तुमचं लेकरूच.” आगाऊ!

सोमवार, ११ मार्च

मी आत शिरलो आणि बोलणं बंद! साहेब, शिंपीणबाई आणि जुन्या नियंत्रण कक्षातल्या टेलिफोनवाल्या बाई — तिघांनी एकदम मिठाची गुळणी धरली. टेबलावर काहीतरी होतं, साहेबांनी त्यावर हातरुमाल टाकला. जादूचे प्रयोग चाललेत की काय!

लोखंडी कपाटाला आज कुलूप. परवापर्यंत त्यात झाडू ठेवत होतो.

मंगळवार, १२ मार्च

वहिनी डबा घेऊन आली. एरवी डबा रविवारी, तोही कुणाच्या तरी हाती. बायको गेल्यावर मला हिनेच जगवलं हे खरं, पण मंगळवारी? स्वतः? तेही दोन जिने चढून?

बसली. डोळे सुजलेले, म्हणाली सर्दी आहे. दादाच्या गोष्टी काढल्या. सरावात जो आधी बाहेर येईल त्याने दुसऱ्याचाही बिल्ला खिशात टाकायचा आणि त्याला शोधायला लावायचं, हा आम्हा भावांचा उद्योग. साहेब खेकसायचे, दादा हसून लोळायचा. तिला सगळं पाठ आहे. उठता उठता म्हणाली, “भाऊजी, तो फळ्याचा विषय सोडून द्या ना.”

म्हणजे साहेब हिच्यापर्यंतही पोचले!

शुक्रवार, १५ मार्च

मागच्या अंगणात साहेब आणि वहिनी बाकावर. साहेब मान खाली घालून बोलत होते, ती ऐकत होती. मला पाहिलं आणि दोघं उठले. वहिनीने साहेबांच्या हातावर हात ठेवला. ज्याने तिच्या नवऱ्याला निष्काळजी ठरवलं, त्याच्या हातावर! जेवण गेलं नाही.

सोमवार, १८ मार्च

कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होतो, ते आज वर आलं. साहेबांनी बैठकीत सांगितलं — फळा मांडायचाच नाही. भिंतीवर नावं आणि तारखा, एवढं पुरे. चौकशीची ओळ कुठेच येणार नाही, तुलाही तेच हवं ना?

मला ते नको आहे. मला ती खोटी ठरवून हवी आहे. मी सगळ्यांसमोर विचारलं, सातचा बिल्ला कुठे आहे? साहेबांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, “तू एकदा घरी ये. शांतपणे बोलू.”

घरी कशाला? जे आहे ते चौघांत बोला.

मंगळवार, १९ मार्च

गेलो नाही.

गुरुवार, २१ मार्च

सापडला!

दुपारी सगळे जेवायला गेले होते. कपाटाची किल्ली भिंतीवरच्या जुन्या शिरस्त्राणात — केंद्रातल्या किल्ल्या पन्नास वर्षं तिथेच असतात, साहेबांना नवं काही सुचत नाही. कपाटात एक लिफाफा. लिफाफ्यात पितळी बिल्ला, काळा पडलेला, नंबर सात. दादाचा बिल्ला! सोबत शिंपीणबाईंच्या अक्षरात चिठ्ठी, अगदी माझ्या नियमाप्रमाणे: ‘आवक ४८ च्या कोटात. डाव्या खिशाला भोक, तिथून अस्तरात घसरलेला.’

अठ्ठेचाळीस म्हणजे शेवटचा कोट, आणि शेवटचा साहेबांचाच, मला पक्कं आठवतंय. सव्वीस वर्षं खिशात! म्हणून रुमाल, म्हणून कुलूप, म्हणून वहिनीची मनधरणी.

सगळ्यांना फोन केले. उद्या दहाला या, वहिनीलाही आणा. मी कपाट उघडलं हे लपवलं नाही. साहेब म्हणाले, येतो. शिंपीणबाई मात्र रडवेल्या आवाजात दोनदा म्हणाल्या, “काका, आधी वही बघा.” बघणार! पेंटरकडून वही घेऊनच जाणार, आणि साहेबांनाच मोठ्याने वाचायला लावणार.

दादा, उद्या.

शुक्रवार, २२ मार्च

४७ — साहेबांचा. ४८ — माझा. माझंच अक्षर. त्या दिवशी आधी बाहेर आलो तो मी.

सगळ्यांसमोर वही मीच उघडली होती. वाचायला कुणाला लावलं नाही. साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. वहिनी जवळ येऊन म्हणाली, “मला त्या मंगळवारीच कळलं, भाऊजी. म्हणून तर डबा घेऊन आले.”

फळा मांडायचा. सातच्या खिळ्यावर बिल्ला मी अडकवला. मग वहीत नोंद केली, आणि देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

दादाने बिल्ला लावला होता. सव्वीस वर्षं मी खरंच सांगत होतो.