धाकट्या साडूंस, सरावाच्या नेटवर्कविषयी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, दुपार

राजवीररावांना थोरल्या साडूचा मनापासून नमस्कार, आणि स्वप्नालीला आशीर्वाद.

तुम्ही दोघं तिकडं खुशाल असालच. पुण्यात गार हवेच्या ऑफिसात, चाकांच्या खुर्चीवर बसून पगार घेणारा माणूस खुशाल नसेल तर मग कुणी असावं? (हे आपलं सहज लिहिलं. असूया माझ्या स्वभावात नाही, हवं तर आमच्या घरात प्रियदर्शनीला विचारा. किंवा नको, तिला विचारू नका.) तुमची पाठ आता कशी आहे? बिद्रीला सासरी जत्रेत पंगतीतून उठताना तुम्ही कंबरेवर हात ठेवलात, तर सासूबाईंनी लगेच आतून तेल गरम करून आणलं. मी त्या दिवशी सकाळपासून पाण्याची पिंपं उचलत होतो. माझ्या पाठीची चौकशी कुणी केली नाही. ती बरी आहे.

पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन करावा तर तुम्ही मीटिंगमध्ये असता, आणि मेसेज करावा तर तुम्ही तो वाचून निळा करून सोडता. कागदाला निळं करता येत नाही, म्हणून लिहितोय.

त्याच पंगतीत तुम्ही तुमच्या ऑफिसातल्या सरावाच्या नेटवर्कची गोष्ट काढलीत. काही कॉम्प्युटर मुद्दाम वेगळे जोडायचे, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध ठेवायचा नाही, त्यातला एखादा मुद्दाम कच्चा ठेवायचा आणि नव्या पोरांनी त्याच्यावर हल्ला करून चोर कसा शिरतो ते शिकायचं. सासरे घास हातात धरून ऐकत होते. "म्हंजे तालीमच की ही. कुस्तीच्या फडावर जायच्या आधी आपल्याआपल्यात धरायचं," असं ते म्हणाले, तुमच्याकडून सगळं पुन्हा एकदा सांगून घेतलं आणि पातेल्यातली मटणाची नळी उचलून तुमच्या ताटात घातली. राजवीरराव, त्या घरात मी तुमच्या आधी जावई झालो. नळीचा मान थोरल्या जावयाचा असतो, हे कुठं लिहिलेलं नसलं तरी माणसाला कळतं. तुम्ही ती पुढं सरकवाल असं मला वाटलं होतं. तुम्ही ती ताटावर आपटलीत.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय, मीपण माझ्या क्लासमध्ये तसलं नेटवर्क घालतोयच." प्रियदर्शनीनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या क्लासात टायपिंग आणि टॅली शिकवतात हे तिला माहीत आहे. ते सासऱ्यांनाही माहीत आहे, म्हणून ते म्हणाले, "मग येतो की एकदा बघायला."

झालं. घरी आल्यावर मी माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर खाली काढले. आमच्या गल्लीत झिशान मुजावर म्हणून कॅमेरे बसवणारा मित्र आहे, त्याला वायरी ओढायला बोलावलं. त्यानं त्या खोलीत इतक्या आडव्या आणि इतक्या ताठ ओढल्या की दुसऱ्या दिवशी त्यांवर आमच्या घरचा टॉवेल वाळत होता. मी रोज व्हिडिओ बघायचो, थांबवायचो, करायचो, पुसायचो, परत करायचो. मुद्दाम कच्चा ठेवलेल्या मशीनला पोरांनी 'बकरा' असं नाव दिलं. खरं सांगतो, दोन कॉम्प्युटर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले तेव्हा मला भरून आलं. मग लगेच तुमचं तोंड आठवलं आणि आनंद निम्मा झाला. (हे तुम्हाला उद्देशून नाही.)

चूक झाली ती एवढीच. बकऱ्यावर एक प्रोग्राम उतरवायचा होता, त्यासाठी मी सरावाच्या नेटवर्कमधली एक वायर जरा वेळ खऱ्या इंटरनेटच्या डबीत खुपसली. त्याच वेळी सासऱ्यांचा फोन आला, "राजवीररावांनी सांगिटलेलं ते बघाय येतोय रविवारी." मी लावलेलं, माझ्या घरात, माझ्या वायरी, आणि बघायचं ते राजवीररावांनी सांगितलेलं. त्या संतापात मी ती वायर काढायची विसरलो. आता ही इंटरनेटची डबी माझी आणि खालच्या मजल्यावरच्या फुटबॉल मंडळाची सामाईक आहे. मंडळाचा गल्लीवर रोखलेला कॅमेराही तिलाच जोडलेला आहे, आणि तो बसवलाय झिशाननं.

काल सासरे आणि सासूबाई आले. सासऱ्यांनी माझ्या वायरींखालून वाकून एक फेरी मारली आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली गेले. सासूबाई खुर्चीत बसल्या. मी विद्यार्थ्यांना सांगितलं, बकरा शोधा आणि आत शिरा. (आवाज जरा मोठाच लावला होता. तुम्ही पंगतीत लावला होतात, साधारण तेवढा.) मेहक नावाची कॉलेजची मुलगी हुशार आहे, तिनं लगेच हात वर केला. "सर, बकरा घावला. पासवर्ड बी कंपनीतनं आला तसाच हाय. आत गेले मी." मी अभिमानानं तिचा पडदा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला.

टीव्हीवर आमची गल्ली आली. गल्लीत जिलेबीचा गाडा, आणि गाड्यापाशी आपले सासरे.

जन्मभर साखर कारखान्यात नोकरी केलेल्या या माणसाच्या रक्तात आता तीच साखर उतरली आहे आणि डॉक्टरांनी गोडाला हात लावू नका म्हणून बजावलंय, हे तुम्ही जाणताच. ते गरम जिलेबी फुंकर घालून, डोळे मिटून खात होते. मी टीव्ही बंद करायला धावलो तर रिमोट मिळेना. सासूबाई पुढं वाकून बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्ये आमचंच हाईत की."

सासरे टॉवेलनं तोंड पुसत वर आले. "काय खाल्लासा?" असं सासूबाईंनी विचारलं.

"कुठं काय. च्या बी घेतला न्हाय."

मेहकला वाटलं, तेही प्रात्यक्षिकच आहे. तिनं मागचं चित्रण परत लावून दाखवलं. सासऱ्यांनी स्वतःला पुडा संपवून बोटं चाटताना बघितलं आणि मग वळून माझ्याकडं बघितलं. "जावई, मला धराय कॅमेरा लावलासा व्हय?" असं त्यांनी विचारलं. मी वायर, डबी, झिशान असं सगळं समजावून सांगत होतो, पण ऐकतंय कोण? आणि तेवढ्यात सासूबाई जे बोलल्या ते राजवीरराव, मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "राजवीररावांनी डोस्कं चालवलं म्हणून कळलं. लांब पुण्यात बसून बी माझी काळजी हाय त्या लेकराला."

म्हणजे शिव्या मला आणि लेकरू तुम्ही.

सासरे न जेवता जायला निघाले होते. प्रियदर्शनीनं कसंबसं बसवलं. तोवर खालून मंडळाचा अध्यक्ष सम्राट वर आला, आमच्या कॅमेऱ्यात कोण घुसलंय म्हणून. मी हात जोडले, वायर उपटली, झालेलं सगळं खरं सांगितलं. झिशानला बोलावून घेतलं, त्यानं मान खाली घालून तिथल्या तिथं पासवर्ड बदलला. सम्राट म्हणाला, "आमचं दार सताड उघडं हाय ह्ये आमास्नी ठावंच नव्हतं, सर. आमच्या पोरास्नी शिकवा ह्ये."

असं सगळं झालं. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. स्वप्नालीला जपा. पाठीला तेल लावत जा.

तुमचा थोरला साडू (नात्यानं थोरला, बाकी सगळ्यात तुम्हीच),
विश्वजित

ता.क. सम्राटनं "शिकवणार कोण?" असंही विचारलं होतं. मी "पुण्याचे आमचे साडू" म्हणून बसलो. मंडळानं आज सकाळीच चौकात फ्लेक्स लावला. फोटो तुमच्या लग्नातला आहे. त्यात तुमच्या खांद्यावर जो हात दिसतो तो माझा, उरलेला मी कापला गेलोय. पुढच्या रविवारी यावंच लागेल.

ता.क. दुसरं. रविवारी पोरांना शिकवा, पण शनिवारीच या आणि आधी मला शिकवा. बकऱ्यापर्यंत मला जमलंय, पुढचं खरोखर कळत नाही आणि व्हिडिओतला माणूस फार घाईनं बोलतो. तुम्ही पंगतीत सांगितलेलं मात्र सगळं कळलं होतं. हे सासऱ्यांना कळू देऊ नका, स्वप्नालीला सांगू नका, प्रियदर्शनीला तर अजिबात नको.

राजवीरराव, मी प्रियदर्शनी. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलंय, पाकीट चिकटवायचं राहिलंय. शनिवारी जेवायलाच या. तुम्ही शिकवत असताना मी स्वयंपाकघरात असेन, मला काहीच माहीत नाही.