उंबऱ्यावरचा फोकस

५ जानेवारी, सकाळी
नवीन वर्षाचा संकल्प. पाच दिवस लेट, पण पक्का. वैष्णवीचा गृहप्रवेशाचा फोटो काढणार.
लग्नातला ब्लर आला. घाटंजीतल्या अर्ध्या लग्नांचे फोटो माझे, अन् माझीच बायको माप ओलांडताना हलली. नवरदेव मीच, फोटोग्राफर बी मीच. टायमर लावून धावत आलो तर अजून काय होईन? माझं म्हणणं, तिथूनच आमचं बिनसलं. ती सध्या महागावले माहेरी आहे. दिवाळीआधी गेलती. येईनच.

त्याच दिवशी, दुपारी
सेटिंग झाली. आतल्या टेबलावर ट्रायपॉड. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवून त्याच्यावर फोकस घेतला, लॉक केला, मग लेन्स वर उचलली, तिच्या चेहऱ्याच्या उंचीले. रिमोटचं बटन दाबून अडकवून ठेवलं. आता उंबऱ्यावर कोणी आलं की फोकस जुळते अन् कॅमेरा आपोआप क्लिक मारते. फोटोग्राफर लागतच नाही. एकदम कॅन्डिड. माप तिथंच राहू देतो. आली की लगेच ओलांडता येईन.

८ जानेवारी
ट्रायल सक्सेस. सिलिंडरवाला आला, खांद्यावर सिलिंडर, फोटो कडक. डीपीले पाठवा म्हणे.
शेजारच्या तानाबाई बी फोटोत आल्या. विचारून राह्यल्या, काहून रे, दारात तांदूळ मांडून कोणाची वाट पाहतं? फोन कर ना तिले. मी म्हटलं, काकू, फोन करून बोलावलं तर कॅन्डिड कसं होईन? बह्याड आहे म्हणे मी. टेक्निकल गोष्ट आहे, त्याईले नाही समजायची.

११ जानेवारी
कॅमेऱ्याचं कार्ड पाह्यलं. सगळ्यात जास्त फोटो माझेच. आत येताना मी, अजून आत येताना मी. सगळ्यात तोंड उतरलेलं. लाइटिंगचा दोष. खिडकी उघडी ठेवावी लागन.
एक गोष्ट लिहून ठेवतो. सासरे वारले तवा मी प्री-वेडिंगवर होतो. प्रोफेशनल माणूस शूट अर्धं सोडते का? तिसऱ्या दिवशी गेलतो ना. हात हालवत नाही गेलो, सासऱ्याची मोठी फ्रेम घेऊन गेलो. मागं निळं आभाळ, ढग, सगळं एडिट केलं. तिनं पाह्यली बी नाही. म्हणे, मले फ्रेम नाही, तुम्ही पाहिजे होते. आता याच्यात माझं काय चुकलं?

१४ जानेवारी, संक्रांत
आज शंभर टक्के येणार होती. नवीन तांदूळ घातला.
नाही आली. सणाच्या एसटीले गर्दी राह्यते, बायामाणसानं उभ्यानं यावं तरी कसं.
तानाबाईंनी तिळगूळ दिला. गोड बोल म्हणे. कोणाशी बोलू? घर खायले उठते.

१९ जानेवारी
साळ्याचा फोन! अक्षय म्हणे, गुरुवारी ताईले घेऊन येतो, शिलाई मशीन न्यायची आहे. भाऊजी, घरीच राहा, ताईले तुमच्याशी बोलायचं आहे.
मशीन तर बहाणा आहे. इतकी समज मले आहे.
पण घरी राहायचं नाही. मी समोर दिसलो की तिचं तोंड फुगन, फोटोचा सत्यानाश. मी स्टँडवर चहाच्या टपरीवर बसतो. ती येईन, फोटो निघन, घर झाडन, चहा ठेवन. मग मी येतो, साधासुधा, काही माहीत नसल्यासारखा.

२३ जानेवारी, गुरुवार, सकाळी
बॅटरी फुल. मापात तांदूळ काठोकाठ. इस्त्रीचा शर्ट. चावी तानाबाईंपाशी. निघतो.

२३ जानेवारी, संध्याकाळी
दाराले कुलूप. आत मशीनची जागा रिकामी.
आधी कॅमेरा पाह्यला.
पहिला फोटो वैष्णवीचा. साडी सावरून माप ओलांडून राह्यली. फोकस असा की कानातलं मोजून घ्या. बारीक झाली. डोळे आत कोणाले तरी शोधून राह्यले. मशीन घेऊन चाललेल्या अक्षयचा दुसरा. तिसरा तिच्या पाठीचा.
पहिल्या दोन्हीत ऊन उंबऱ्यावर आहे. तिसऱ्यात अंगणातूनही गेलं. मधात फोटोच नाही. मले वाटलं सेटिंग बिघडली.
तानाबाईंनी सांगतलं. मशीन केव्हाच गाडीत चढली होती. गाडीवाला हॉर्न मारून राह्यला, अक्षय चाल चाल करून राह्यला, अन् ही आत खुर्चीवर बसून. खुर्ची उंबऱ्यापासून दूर, कॅमेऱ्याच्या बाजूले. तिथलं माणूस कॅमेऱ्याले दिसत नाही. म्हणे, येऊ दे त्याईले. एकदा तोंडानं राहा म्हणतीन तर मशीन खाली उतरवू. तानाबाई म्हणाल्या, फोन लावू काय? तर म्हणे नको, या बारीनं त्याईनं आपल्या मनानं यावं.
स्टँड घरापासून किती दूर आहे? हाक मारली तरी ऐकू येते.
ती वाट पाहून राह्यली तवा मी टपरीवर चहा पिऊन राह्यलो होतो. आतापर्यंत फोटो निघाला असन म्हणून खुश होतो.